मुका सोबती आणि नव्या घराच्या अटी

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात स्वर्गाच्या दाराशी घडलेला एक विलक्षण प्रसंग आहे. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले आहेत आणि युधिष्ठिराच्या सोबतीला उरले आहे ते केवळ एक कुत्रे. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, की कुत्रे बाळगणाऱ्यास स्वर्गात स्थान नाही. त्याला येथेच सोड आणि रथात बैस. आश्रयाला आलेल्यास टाकून मिळणारे सुख मला नको, असे युधिष्ठिर उत्तर देतो. पुढे ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म असल्याचे उघड होते. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु ‘कुत्रे आत आणता येणार नाही’ ही अट एक दिवस आपल्याच घराच्या कागदपत्रांत वाचावी लागेल, असे आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

आज ती वेळ आली आहे. शहराच्या कडेला, कुंपणाच्या आत, एकाच आराखड्याने उभारलेल्या वसाहतीत घर घेणाऱ्या कुटुंबांची संख्या आपल्या समाजातही वाढते आहे. घर घेताना आपण पाण्याची सोय विचारतो, वाहनाची जागा विचारतो, देवघर कोणत्या दिशेला येईल हेही विचारतो. घरातील मुक्या प्राण्याचे मात्र विचारायचे राहून जाते, आणि त्याचा घोर किल्ल्या हाती आल्यावर लागतो. म्हणून या विषयाची माहिती एकत्र करून वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

वाड्यातून वसाहतीत

बडोद्याचा दांडिया बाजार, ग्वाल्हेरचे लष्कर, इंदूरचा राजवाड्याभोवतालचा परिसर, हैदराबादचे काचीगुडा, बेळगावचे शहापूर, यांपैकी कोठेही आपले जुने घर असो, त्यात प्राण्यांची जागा ठरलेली होती. गाय गोठ्यात, मांजर चुलीच्या उबेला, पोपट ओसरीवरच्या पिंजऱ्यात आणि कुत्रे दाराशी. पानावर बसण्यापूर्वी गोग्रास आणि काकबळी निघत असे. दत्तगुरूंच्या तसबिरीत चार श्वान, खंडोबाच्या पायाशीही श्वान. तेव्हा कुत्र्याला दारात थारा द्यावा की नाही, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

वाड्यात भिंत आपली होती, अंगण आपले होते. वसाहतीत भिंत दोघांची, जिना दहांचा आणि लिफ्ट चाळीस घरांची. मालकीचे स्वरूपच बदलले. आपण चार भिंतींतील जागा विकत घेतो. बाकीचे सारे सामाईक. सामाईक गोष्टीला नियम हवेत, हे ओघानेच आले. प्रश्न इतकाच, की तो नियम आपल्या दाराच्या आत कितपत येऊ शकतो.

अट कोठे दडलेली असते?

आमच्या पाहण्यात असे आले आहे, की ‘सोसायटीचा नियम’ या एकाच नावाखाली लोक तीन निरनिराळ्या गोष्टी समजतात. त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत, कारण तिघींचे बळ सारखे नसते.

पहिली अट खरेदीच्या दस्तातील. बडोद्याकडे बानाखत म्हणतात, मुंबई-पुण्याकडे साठेखत, इंदूर-ग्वाल्हेरकडे सरळ ‘रजिस्ट्री’. त्याच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत खरेदीदाराने पाळावयाच्या अटी असतात: बाल्कनी बंद करू नये, धंदा करू नये, जनावर पाळू नये. आपण येथे स्वतः सही केलेली असते.

दुसरी अट संस्थेच्या उपविधींतील. सहकारी संस्था असो वा फ्लॅटमालकांचा संघ, सभासद होताना आपण तिचे उपविधी मान्य करतो. सहकारी संस्थेचा उपविधी बदलायचा तर सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा लागतो आणि निबंधकाकडे त्या दुरुस्तीची नोंद व्हावी लागते. तोपर्यंत तो बदल अमलात येत नाही.

तिसरी अट म्हणजे लिफ्टजवळच्या फळ्यावर चिकटवलेली सूचना. ती कार्यकारी समितीने काढलेली असते. तिला वरच्या दोहोंपैकी एकीचा आधार नसेल, तर तिचे वजन कागदाएवढेच. पुष्कळदा सारे भांडण या तिसऱ्या कागदावरून पेटते आणि मूळ उपविधी कोणी वाचलेलेच नसतात.

लंडनच्या चौकातील बाग

विकलेल्या जागेवर विकणाऱ्याची अट पुढेही चालू राहावी, ही कल्पना आली कोठून? त्यामागे लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधील बागेची गोष्ट आहे. १८०८ मध्ये तेथील मालकाने चौकातील मोकळी जागा विकली आणि ती बाग म्हणूनच राखावी, त्यावर बांधकाम करू नये, अशी अट घातली. जागा हातोहात फिरत एका नव्या मालकाकडे आली. त्याच्या दस्तात ही अट नव्हती. मात्र ती असल्याचे त्याला ठाऊक होते. त्याने बांधकामाचा घाट घातला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. १८४८ मध्ये निकाल लागला, की अट ठाऊक असून ज्याने जागा घेतली त्याला ती मोडता येणार नाही.

हेच तत्त्व आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आले. त्याच्या कलम ११ प्रमाणे पूर्ण मालकी दिल्यावर ‘असे वाग, तसे वाग’ ही अट सामान्यतः निरर्थक ठरते. परंतु विकणाऱ्याच्या लगतच्या जागेच्या उपभोगाला बाध येऊ नये म्हणून घातलेली अट टिकते. आणि कलम ४० प्रमाणे असे बंधन माहीत असून जागा घेणाऱ्या पुढच्या खरेदीदारावरही ते लागू पडते. दस्त नोंदलेला असेल तर तो आपल्याला माहीत होता, असेच कायदा धरून चालतो. ‘मी वाचलेच नव्हते’ ही सबब तेथे चालत नाही.

मुलांच्या अमेरिकेत

आपल्या कितीतरी घरांतील मुले-सुना अमेरिकेत स्थिरावल्या आहेत. तिकडे या अटींचे जे विराट रूप झाले आहे, ते जाणून घेण्यासारखे आहे. तेथील आखीव वसाहतींत घरमालकांचा संघ असतो आणि घराच्या दस्ताबरोबर बंधनांची एक जाडजूड घोषणा सरकारदरबारी नोंदलेली असते. कुंपणाचा रंग, अंगणातील गवताची उंची, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सर्वांवर नियम. प्राण्यांच्या बाबतीत बहुधा संख्येची मर्यादा असते, काही ठिकाणी वजनाची आणि काही ठिकाणी कुत्र्याच्या जातीची. नियम मोडला तर दंड, आणि थकबाकी चढत गेली तर घरावर बोजाही चढू शकतो.

या दस्तांचा इतिहास सर्वस्वी निर्मळ नाही. एके काळी अशाच अटी लिहून कृष्णवर्णीयांना, ज्यूंना आणि आशियाई लोकांना वस्त्यांबाहेर ठेवले जाई. न्यायालयांनी अशा वंशभेदी अटींची अंमलबजावणी करू नये, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला आणि १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील भेदभावच बेकायदा ठरवला. ज्या लेखणीने माणसांना मज्जाव लिहिला, तीच पुढे कुत्र्या-मांजरांचा मज्जाव लिहीत राहिली.

कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे ५३० घरांची एक वसाहत आहे. तेथे कुत्री-मांजरे पाळण्यास बंदी होती. एक बाई तीन मांजरांसह राहावयास आल्या. मांजरे घराबाहेर पडत नाहीत, कोणास त्रास नाही, असे त्यांचे म्हणणे. संघाने दंड लावला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९४ मध्ये बहुमताचा निकाल बाईंच्या विरुद्ध गेला: नोंदलेली अट समंजसच आहे असे गृहीत धरले पाहिजे, आणि तिचा विचार एका मांजराकडे पाहून नव्हे, तर संपूर्ण वसाहतीकडे पाहून केला पाहिजे. एका न्यायमूर्तींनी मात्र या मताला कसून विरोध केला. पुढे तेथील विधिमंडळाने कायदाच केला आणि १ जानेवारी २००१ नंतर केलेल्या अथवा बदललेल्या दस्तांत निदान एक पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई करता येणार नाही, असे ठरवले. वाजवी नियम घालण्याची मुभा राखून. शिवाय अपंग व्यक्तीला साहाय्य करणाऱ्या प्राण्याला अमेरिकेतील केंद्रीय कायद्याचे वेगळे संरक्षण आहे. त्यास सामान्य बंदी लावता येत नाही.

तिकडे घर घेणाऱ्या मुलांना आमचे सांगणे एवढेच: ती जाडजूड घोषणा सही करण्यापूर्वी वाचावी, आणि प्राण्यांच्या नियमाबरोबर तुळशीवृंदावन, कंदील, दारातील रांगोळी यांविषयीचे कलमही पाहून घ्यावे.

आपल्याकडील कायदा

आपल्याकडे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. नृत्यकलेतील विदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकामुळे या कायद्याला चालना मिळाली. पाळलेल्या प्राण्याला वाजवी कारणाशिवाय वाऱ्यावर सोडून देणे हा या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. मूळ कायद्यातील शिक्षा मात्र हसू यावे अशी: पहिल्या अपराधाला ५० रुपयांपर्यंत दंड. १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घटनेत आली. त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणे हेही एक कर्तव्य अनुच्छेद ५१-क मध्ये सांगितले आहे.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये वसाहतींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताचा ठराव करूनही रहिवाशांना प्राणी पाळण्याची सरसकट बंदी घालता येणार नाही, भुंकणे हे बंदीचे कारण होऊ शकत नाही, लिफ्टचा वापर नाकारू नये, असा त्यांचा आशय. त्याच सूचनांत प्राणी पाळणाऱ्यांनाही साखळी, स्वच्छता आणि लसीकरण यांविषयी जाणीव करून दिली आहे.

या सूचनांचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निर्णय दिला, की वसाहतीच्या उपविधीतील प्राणी पाळण्याची संपूर्ण बंदी बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. वाजवी अटी मात्र घालता येतील. केरळबाहेर हा निर्णय बंधनकारक नसला, तरी इतर न्यायालयांपुढे त्याचा दाखला देता येतो.

दुसऱ्या बाजूचाही निर्णय ध्यानात ठेवावा. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असे म्हटले, की सहकारी संस्थेचे उपविधी हा सभासदांमधील करार असतो आणि तो पत्करून आत आलेल्याने तो पाळला पाहिजे. तो वाद प्राण्यांचा नव्हता, सभासदत्व कोणाला द्यावे याचा होता. पण उपविधींचे वजन त्यातून कळते. ‘कायदा आपल्या बाजूने आहे’ एवढ्या भरवशावर घर घेणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. न्यायालयाची पायरी चढता येते. पण रोज ज्याच्या दारावरून जायचे त्या शेजाऱ्याशी खटला चालवीत राहणे सुखाचे नसते.

संख्येच्या मर्यादेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. संपूर्ण बंदी आणि ‘एकच कुत्रे ठेवा’ ही अट यांत फरक आहे. दुसरी अट वाजवी ठरू शकते. बंगळूरु महानगरपालिकेने २०१८ मध्ये फ्लॅटला एक आणि स्वतंत्र घराला तीन कुत्री, असा नियम आणला आणि लोकांचा विरोध झाल्यावर तो मागे घेतला. आपापल्या महापालिकेचा परवान्याविषयीचा नियम काय आहे, हे म्हणून प्रत्येकाने तपासावे. वसाहतीचा नियम आणि पालिकेचा नियम या वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात.

शेजाऱ्याची बाजू

प्राणी पाळणाऱ्यांची बाजू मांडताना शेजाऱ्याची बाजू विसरणे अन्यायाचे होईल. लहानपणी कुत्रे चावल्याची दहशत मनात घेऊन जगणारी माणसे आहेत. बंद लिफ्टमध्ये मोठे कुत्रे शेजारी उभे राहिले, तर त्यांचा जीव गोळा होतो. कोणाला केसांमुळे दमा उठतो. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला दुपारचे भुंकणे असह्य होते. जिन्यातील घाण उचलायची कोणी, हा तर रोजचाच तंटा. ‘आमचा टॉमी काही करीत नाही’ हे वाक्य मालकाला कितीही खरे वाटो, समोरच्याला त्याने धीर येत नाही.

आमच्या परिचयातील एका वृद्ध दांपत्याची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. मुलगा परदेशी, मुलगी दुसऱ्या गावी. जिने झेपेनात म्हणून त्यांनी जुने घर विकून लिफ्ट असलेल्या वसाहतीत फ्लॅट घेतला. अकरा वर्षांचे कुत्रे बरोबर येणार, हे त्यांनी विक्री करणाऱ्या माणसाला सांगितले होते. “हो काका, खुशाल आणा,” असे उत्तरही मिळाले होते. ताबा घेताना जो अर्ज भरावयास दिला, त्यात प्राणी न पाळण्याची हमी होती. जुन्या घराचा व्यवहार पुरा झालेला, परतीची वाट बंद. काकू आम्हांला म्हणाल्या, “मुले लांब गेली ती त्यांच्या पायांनी गेली. याला मी कोणत्या तोंडाने बाहेर काढू?”

त्यांनी भांडण केले नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना जोडून समितीला एक साधे पत्र दिले आणि स्वतःहून लिहून दिले, की कुत्रे साखळीवर राहील, सामानाच्या लिफ्टनेच ने-आण होईल, बागेत नेणार नाही, लसीचा दाखला दर वर्षी देऊ. समितीत एका तरुण आईचा विरोध होता. काका तिच्याकडे स्वतः गेले आणि तिचे मूल शाळेतून येण्याची वेळ विचारून घेतली; त्या वेळी कुत्र्याला बाहेर काढायचे नाही, असे ठरले. हमीचे कलम खोडून ताबा मिळाला. परंतु त्या तीन आठवड्यांत दोघांची झोप उडाली होती. हे सारे इसारा देण्यापूर्वी विचारून घेतले असते, तर तो मनस्ताप टळला असता.

सही करण्यापूर्वी

नव्या प्रकल्पात घर घेत असाल, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा, म्हणजे ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो त्याचा, मोठा उपयोग आहे. प्रकल्पाची नोंदणी करताना बांधकाम करणाऱ्याला विक्रीकराराचा आणि खरेदीखताचा मसुदा प्राधिकरणाकडे सादर करावा लागतो. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो आधीच शोधून वाचावा. मिळाला नाही तर विकणाऱ्याकडे मागावा. लेखी करार करून त्याची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. तेव्हा वाचून होईपर्यंत मोठी रक्कम हाताबाहेर जाऊ देऊ नये. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात प्राण्यांची सोय असल्याचे छापले असेल, तर तो कागद जपून ठेवावा. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरल्याने नुकसान झाल्यास भरपाई मागण्याची तरतूद कायद्यात आहे. तोंडी आश्वासनाला तो आधार मिळणे कठीण.

जुन्या वसाहतीतील घर दुसऱ्याकडून घेत असाल, तर मूळ दस्त, नोंदलेले उपविधी आणि गेल्या काही वर्षांतील सभांचे ठराव यांच्या प्रती मागाव्यात. विकास प्राधिकरणाचा भूखंड असेल आणि तो पट्ट्याने दिलेला असेल, तर पट्ट्याच्या अटी वेगळ्या पाहाव्यात. मग पुढील गोष्टी नेमक्या विचाराव्यात. बंदी आहे की मर्यादा? मर्यादा संख्येची आहे की आकाराची? आज असलेल्या प्राण्यापुरतीच परवानगी आहे, की तो गेल्यावर दुसरा आणता येईल? भाडेकरूला नियम निराळा आहे काय? कोणती लिफ्ट, कोणती वाट, कोणती वेळ? तक्रार आली तर निवाडा कोण करतो आणि दंडाला उपविधींत आधार आहे काय? उत्तर मिळेल ते सचिवाच्या सहीने लेखी घ्यावे.

आणखी एक गोष्ट कागदात सापडत नाही. सौदा ठरण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी त्या वसाहतीत तासभर फेरफटका मारावा. साखळीवरची कुत्री दिसतात काय, त्यांना पाहून लोक बाजूला सरतात की हाक मारतात, पहारेकरी काय सांगतो, यावरून तेथील वारे कळते. नियम कसाही असला, तरी राहायचे असते ते माणसांत.

सहकाराची कल्पना आपल्या समाजाला परकी नाही. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन केली, तेव्हा सहकाराचा कायदाही देशात नव्हता. ‘अन्योन्य’ या नावातच एकमेकांची सोय एकमेकांनी पाहायची, हे आले. आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण आज आपापल्या वसाहतींच्या समित्यांवर काम करीत आहेत. त्यांना आमची विनंती आहे, की फळ्यावर बंदीची सूचना लावण्याआधी प्राणी पाळणाऱ्यांना आणि त्यांना भिणाऱ्यांना एकाच सभेला बोलवावे, आणि साखळी, स्वच्छता, लस, लिफ्ट यांविषयीचे चार नियम दोघांच्या संमतीने लिहून उपविधींत नोंदवून घ्यावेत. आणि जे घर शोधत आहेत, त्यांनी खोल्या मोजताना त्या म्हाताऱ्या कुत्र्याची किंवा मांजराची जागाही मोजून ठेवावी. ते बोलत नाही. त्याच्यावतीने विचारायचे ते आपणच, आणि तेही इसारा देण्यापूर्वी.